धाकटीने आधी पाहिलं

अक्काला कोळ्यांची हौस वगैरे काही नव्हती. कीटक संशोधन केंद्रात एक जागा निघाली, जाहिरातीत कामाचं स्वरूप 'प्राण्यांची निगा' असं लिहिलं होतं, आणि तिने ससे, पांढरे उंदीर असं काहीतरी डोळ्यांपुढे आणून अर्ज केला. पहिल्या दिवशी तिच्यापुढे दोनशे बरण्या आल्या, प्रत्येकीत एक कोळी. त्या संध्याकाळी ती घरी आली, हात धुतले, पुन्हा धुतले आणि नवऱ्याला म्हणाली, महिनाभर बघते, नाही जमलं तर सोडते. तो महिना एकोणीस वर्षं चालला.

काम ती मन लावून शिकली. पिकल्या केळ्याच्या लगद्यावर चिलटं वाढवायची, ती नळीने ओढून एकेका बरणीत सोडायची, कापसाचा बोळा ओला आहे ना ते बघायचं, कोण कात टाकतोय, कोण जेवत नाही, हे वहीत लिहायचं. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या तिच्याच हातच्या. पाहुणे आले की प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, मुद्दाम त्या चिठ्ठ्या दाखवायच्या. अक्का तेव्हा पाठ करून उभी असायची, पण कान तिकडेच.

ह्या कामाचा आणखी एक गुण होता, जो तिने कधी कोणाला सांगितला नाही. ह्यात तिची धाकटी बहीण नव्हती.

बाकी सगळीकडे होती. अक्का गुडघे फोडून घेत महिनाभरात सायकल शिकली. धाकटी ती सायकल घेऊन गेली आणि संध्याकाळी एका हाताने चालवत परत आली. अक्का पाठांतर करून पास व्हायची, धाकटी वर्गात झोपा काढून. नात्यातल्या बायका घरी आल्या की दारातूनच विचारायच्या, धाकटी कुठंय? आईचं शिलाई मशीन अक्काला हवं होतं. तिने तसं दोनदा सुचवलंही होतं. पण तोवर तिला नोकरी लागली होती, मशीन धाकटीकडे गेलं, आणि त्यावर धाकटीने असं दुकान उभं केलं की लोक लांबून कपडे घेऊन यायचे. धाकटीच्या मनात काही नसायचं. तिला बिचारीला पत्ताच नसायचा. अक्काचा निम्मा राग त्याचाच होता. समोरचा भांडतच नसेल तर माणसाने जळायचं तरी कोणाच्या नावाने?

पण कोळी अक्काचे होते. धाकटी त्यांना 'तुझी जनावरं' म्हणायची आणि विषय बदलायची.

मग मॅडमनी गांधीलमाशीचं काम काढलं. ही आपल्या ओळखीची, छपराला पोळं करणारी गांधीलमाशी नव्हे. ही डासापेक्षा थोडी मोठी, कंबर दोऱ्याएवढी, आणि ती पोरं वाढवते कोळ्याच्या अंगावर. जाळ्यात बसलेल्या कोळ्यावर झडप घालते, त्याला डंख मारून थोडा वेळ लुळा करते आणि त्याच्या पोटावर एकच अंडं चिकटवून निघून जाते. कोळी शुद्धीवर येतो, पुन्हा जाळं विणायला लागतो. अंड्यातून अळी निघते आणि तिथेच पोटावर बसून कोळ्यालाच हळूहळू शोषते. शेवटी शेवटी कोळी आपलं नेहमीचं जाळं सोडून चार जाड धाग्यांचा एक वेगळाच सांगाडा विणतो. तो त्या अळीच्या कोषासाठी. एवढं झालं की अळी त्याला संपवते.

अळी बसलेले कोळी केंद्राच्या मागच्या कुंपणात पुष्कळ सापडत होते. पण ह्या जातीच्या गांधीलमाशीला अंडं घालताना अजून कोणी पाहिलं नव्हतं. ती कशी येते, किती वेळ बसते, आधीच कोणाची अळी असलेला कोळी भेटला तर काय करते, हे सगळं मॅडमना हवं होतं. कुंपणातल्या चाळीस जाळ्यांना पत्र्याचे नंबर लावले गेले, मधूनमधून तीन कॅमेरे बसवले आणि अक्काला स्टूल, घड्याळ आणि वही देऊन तिथे बसवलं. सकाळी सात ते अकरा. तीन हंगाम. अक्काने त्या कुंपणात पानापानाची ओळख करून घेतली. गांधीलमाशी तिने नऊ वेळा पाहिली. नऊही वेळा ती जाळ्याभोवती घिरट्या घालून निघून गेली. एकदा तर अगदी कोळ्यावर उतरतच होती, तेवढ्यात टपालवाल्याने फाटकातून हाक मारली.

नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात होता. तो म्हणायचा, आमच्याकडेही असंच, ज्या आवाजाची तक्रार असते तो गाडी आम्ही ऐकायला बसलो की कधीच करत नाही. अक्काला ह्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

तिसऱ्या हंगामातल्या एका सुट्टीच्या दिवशी धाकटी जेवायला आली होती. ताटं उचलताना ती सहज म्हणाली, "अक्का, ती तुझी बारीक कंबरेची माशी माझ्या दुकानात आली होती गं."

अक्काने विचारलं, कसली माशी?

"तूच नाही का सांगितलंस, कोळ्यावर अंडं घालते ती. मागच्या खिडकीत माझा भाडेकरू आहे ना, जाळंवाला, त्याच्यावर बसली. मी बाही लावायला घेतली तेव्हा आली, दुसरी बाही लावून झाली तरी उठायचं नाव नाही."

अक्काने हातातलं ताट अगदी सावकाश ठेवलं. मग म्हणाली, साधी माशी असेल. धाकटी म्हणाली, असेल बाई, आणि पाणी प्यायला गेली. जणू काहीच झालं नव्हतं. तीन हंगाम, नऊ वेळा, तो टपालवाला. आणि ही बाही लावता लावता!

मॅडमना सांगायला हवं होतं. ती रोज सकाळी ठरवायची आणि रोज स्टुलावर जाऊन बसायची. पाचव्या दिवशी ती जुने पडदे आखूड करून घ्यायच्या निमित्ताने दुकानात गेली. मागची खिडकी एका रिकाम्या, झुडपांनी भरलेल्या जागेकडे उघडत होती. चौकटीत पाच-सहा जाळी होती. धाकटी ती कधी झाडत नसे, डास कमी होतात म्हणे. त्यातल्या मोठ्या जाळ्यात कोळी बसलेला होता आणि त्याच्या पोटावर, पुढच्या बाजूला, दुधी रंगाची इवलीशी अळी. अक्काने भिंग लावून पाहिलं. शंकेला जागाच नव्हती.

धाकटीने नुसतं पाहिलं नव्हतं, लिहूनही ठेवलं होतं. मापांच्या वहीत, कोणाच्या तरी कोटाच्या छाती-कंबरेखाली, खडूसारख्या जाड अक्षरात: डावीकडून आली. तोंडाजवळ टोचलं. कोळी लुळा. बराच वेळ पोटावर मागेपुढे. शेजारी एक चित्र. चित्रात अंडं माशीच्या शेपटाकडच्या सुईच्या टोकाशी नव्हतं, सुईच्या मुळाशी होतं.

इथे अक्काला जरा धीर आला. अंडं घालायला एवढी लांब सुई आहे म्हणजे ते सुईतूनच येणार. धाकटीने चुकीचं पाहिलंय. तिने ते मोठ्या बहिणीच्या आवाजात समजावून सांगितलं. धाकटी मान हलवत म्हणाली, सुईच्या नेढ्यातून दोरा येतो ते मला रोज दिसतं, हे तसं नव्हतं. सुई नुसती टेकलेली होती, अंडं वरून, मुळातून घसरलं. अक्का म्हणाली, बरं.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना आडून आडून विचारलं. मॅडम म्हणाल्या, ह्या कुळातल्या बाकी जातींमध्ये अंडं सुईतून येतच नाही, मुळाशीच बाहेर पडतं; पण ह्या जातीत कोणी पाहिलेलं नाही. मग चष्मा काढून अक्काकडे बघत त्यांनी विचारलं, "का? तुम्हाला दिसलं की काय?"

ह्या प्रश्नाला 'नाही' म्हणणं जगात सगळ्यात सोपं होतं. पुढे अक्का स्वतःलाच सांगायची की तिने काही ठरवलं नव्हतं. पण खरं असं आहे की त्या एका क्षणात तिला धाकटीचं ते जाड अक्षरातलं पान दिसलं, आणि ते पान आपलं असावं असं इतक्या जोरात वाटलं की तोंडातून निघून गेलं.

"हो. दिसलं."

मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले. एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. कुठे, कधी, किती वेळ, असं त्या विचारत गेल्या आणि अक्का धाकटीची वही सांगत गेली. बाहीच्या जागी तिने मिनिटं घातली. जाळं कुठलं, तर सतरा नंबर. सतरा का, तर तोंडाला आला तो आकडा. मॅडमनी सगळं नोंदवहीत उतरवलं आणि खाली अक्काचं नाव लिहिलं.

दोन दिवस अक्का हवेत होती. तिसऱ्या दिवशी मॅडमनी तीनही कॅमेरे चाळीस जाळ्यांमधून काढून सतराच्या आसपास आणून लावले. गांधीलमाशी एकदा आलेल्या जागी पुन्हा येईल असा त्यांचा अंदाज होता. सतरा नंबरच्या कोळ्यावर अळी का दिसत नाही, हे त्यांनी एकदा विचारलं. अक्का म्हणाली, पडली असेल. मॅडम म्हणाल्या, असेल. दोन आठवडे ते तीन कॅमेरे एका निरोगी, जाडजूड कोळ्याचं जेवणखाण टिपत राहिले, आणि अक्का शेजारी स्टुलावर बसून घामाघूम होत राहिली. ऊन तसं फार नव्हतं.

आणि एवढं होऊनही मनात जळत होतं ते धाकटीवरच. तिने पाहिलंच नसतं तर ही वेळ आली असती का, असा तिचा हिशेब.

मग एका सकाळी धाकटी बटणांचा पत्र्याचा डबा घेऊन थेट केंद्रात आली. भाडेकरू गेला होता. त्याने आदल्या दिवशी जाळं मोडून चार धाग्यांचं काहीतरी विचित्र विणलं होतं, आणि आता त्यात कोळी नव्हता, नुसता कोष लोंबत होता. धाकटीने ते काडीसकट अलगद कापून आणलं होतं, अक्काच्या कामाचं असेल म्हणून. अक्का बरण्यांच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा धाकटी मॅडमच्या टेबलाशी उभी होती आणि डबा उघडा होता.

मॅडम कौतुकाने सांगत होत्या, "तुमच्या बहिणीने तर अंडं घालतानासुद्धा पाहिलं. सतरा नंबरवर. मुळातून येतं अंडं, सुईतून नाही, हेसुद्धा."

धाकटीने अक्काकडे पाहिलं. फार वेळ नाही. दोऱ्याला गाठ मारायला लागतो तेवढा.

"हो," ती म्हणाली. "अक्का सांगत होती मला."

डबा तिथेच ठेवून ती निघून गेली. दुकान उघडायचं होतं.

अक्काची सुटका झाली होती. तिला खरं म्हणजे हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या अंगाची लाही लाही झाली. धाकटीने बोभाटा केला असता, मॅडमसमोर तिचा पाणउतारा केला असता, तर अक्काने सगळं नाकारलं असतं, निदान मनातल्या मनात तरी तिच्याशी भांडली असती. पण ती तर उदार होऊन गेली. मोठेपणासुद्धा तिनेच घेतला. अक्काचं, थोरलीचं, एवढं एकच उरलं होतं, तेही ती बटणांचा डबा टेबलावर ठेवता ठेवता घेऊन गेली. दुपारपर्यंत अक्काने कसाबसा दम धरला. मग ती मॅडमच्या खोलीत गेली, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. पश्चात्तापाने सांगितलं असं तिला पुढे लोक म्हणाले. तिला स्वतःला ठाऊक होतं की धाकटीच्या उपकाराखाली एक दिवसही काढणं तिला जमणार नव्हतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी नोंदवहीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली आणि कॅमेरे काढायला सांगितले. महिनाभर अक्का बरण्या धूत होती. मॅडम तिच्याशी कामापुरतं बोलत. चिठ्ठ्या दुसरंच कोणीतरी लिहायला लागलं.

धाकटीकडे ती चौथ्या दिवशी गेली. धाकटी मशीनवरून उठली नाही. अक्का बोलत होती तोवर तिने एक अख्खी शिवण घातली, उसवली आणि पुन्हा घातली.

"मागितलं असतंस तर दिलं असतं," ती शेवटी म्हणाली. "पण तू मला ते साधी माशी असेल म्हणालीस. मी चार दिवस तेच खरं मानलं होतं."

पडदे तयार होते. ते घेऊन ती घरी गेली.

पुढचं मॅडमनी ठरवलं. माशी दुकानाच्या खिडकीत येते हे आता स्पष्ट होतं, तेव्हा पाहणी तिथेच व्हायला हवी होती. एक कॅमेरा चौकटीला बसवला, पण तो एका वेळी एकाच जाळ्याकडे बघणार. बाकीच्यांवर माणूस हवा. धाकटीने तिच्या दुकानात कोणीही परकं दिवसभर बसणार नाही असं सांगितलं. मग राहिलं कोण? मॅडमनी अक्काला बोलावलं आणि म्हणाल्या की कॅमेऱ्यात नसलेलं काही दिसलं तर ते दोघींनी पाहिलेलं असलं तरच वहीत जाईल. त्यांनी ते साध्या आवाजात सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

अशा तऱ्हेने अक्का बहिणीच्या दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यांमागे, स्टुलावर बसायला लागली. पहिले आठ दिवस दोघींत कात्री दे, बाजूला हो, ह्यापलीकडे शब्द नाही. गिऱ्हाइकं यायची, धाकटीशी हसून बोलायची, लग्न, बाळंतपणं, नोकऱ्या सगळं तिला सांगायची, आणि खिडकीकडे तोंड करून बसलेल्या ह्या बाईला शिकाऊ कामवाली समजायची. एकीने तिच्याकडे काज करायलाही दिलं. धाकटी हसू दाबत मशीन चालवत राहिली. अक्काने काज केलं. बरं झालं नाही.

नवव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, गांधीलमाशी आली. कॅमेरा डावीकडच्या जाळ्यावर रोखलेला होता. ती गेली उजवीकडच्या कोपऱ्यात. तिथल्या कोळ्यावर आधीच एक अळी होती, चार दिवसांची, अक्काने तिची नोंद केलेली. माशी जाळ्याच्या धाग्याला लोंबकळून क्षणभर थांबली आणि मग एकदम कोळ्यावर होती. तोंडाशी डंख. कोळ्याचे पाय आखडले आणि सैल पडले. माशी त्याच्या पोटावर चढली, तिला अळी लागली, आणि तिने आपली सुई अळीखाली घालून घासायला सुरुवात केली. मागेपुढे, मागेपुढे. दुसरीचं पोर काढून टाकत होती.

मॅडमनी ज्याची वाट तीन हंगाम पाहिली ते समोर चाललं होतं, आणि ते फक्त ती बघत होती. धाकटी पुढे एका बाईच्या झग्याची उंची धरत होती, पाठमोरी. हाक मारली की संपलं. मग ते दोघींचं होणार. न मारावी, तर ते वहीत जाणार नाही, पण तिचं राहील. हे एकच, अख्ख्या आयुष्यात, धाकटीने हात न लावलेलं. किती वेळ ती तशी बसली? नंतर तिने खरा आकडा लिहिला: चार मिनिटं. चार मिनिटं तिने बहिणीच्या पाठीकडे आणि माशीकडे आळीपाळीने पाहिलं.

"ये," ती मग हळूच म्हणाली. "हळू ये. आली आहे."

धाकटी तोंडात टाचण्या तशाच धरून आली. गिऱ्हाईक बाई अर्धवट दुमडलेल्या झग्यात तिथेच उभी राहिली. दोघी बहिणी खिडकीशी डोक्याला डोकं लावून वाकल्या. माशी घासत होती. अळी एका बाजूने सुटली, लोंबायला लागली. अक्काला वेळ लिहायची होती, तिने मनगट वळवून घड्याळात पाहिलं, आणि नेमकी तेव्हाच धाकटी टाचण्यांमधून म्हणाली, "पडली."

अक्काने मान वर केली तेव्हा कोळ्याचं पोट कोरं होतं.

हसावं की रडावं असा तो प्रकार होता. पण माशीने थांबू दिलं नाही. तिने अंग आकसून घेतलं, सुई टेकवली, आणि तिच्या मुळाशी एक पांढरा ठिपका फुगत बाहेर आला, घसरला आणि चिकटला. हे मात्र दोघींनी पाहिलं. धाकटीने कोपराने ढोसलं, म्हणजे, सांगत होते ना. अक्काने मान डोलावली. माशी गेली. थोड्या वेळाने कोळ्याने एक पाय हलवला.

अक्काने तिथेच बसून लिहिलं. सुरुवात कोणी पाहिली, हाक मारायला किती उशीर झाला, आणि खाली: अळी पडताना बहिणीने पाहिलं, मी घड्याळ बघत होते. हे शेवटचं वाक्य लिहिताना तिचे दात एकमेकांवर घट्ट होते. धाकटीने खाली सही केली. मॅडमनी ते वाचलं, 'चार मिनिटं' ह्या शब्दांपाशी थोड्या थांबल्या आणि पान आहे तसं नोंदवहीत लावून घेतलं. बरण्या धुण्याचं काम त्या आठवड्यात संपलं.

अक्का ह्यातून सुधारली, असं काही नाही. धाकटीच्या मुलीला पुढे शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तिने अभिनंदन करायला तीन दिवस घेतले. मॅडमच्या लेखाखाली आभारात दोघींची नावं छापून आली. धाकटीचं वर होतं, आणि वर्णमालेमुळे आहे हे कळूनही अक्काने ते पान दुसऱ्यांदा उघडलं नाही. पण ती दुकानात जाऊन बसायची, काम संपल्यावरही जायची, आणि जळायची ते तिथे समोर बसून, धाकटीला ऐकू जाईल अशा आवाजात. धाकटी म्हणायची, हे बरं, निदान कळतं तरी.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. माशी गेल्यावर पडलेली अळी शोधायला हवी होती. मॅडमना ती हवी असणार. अळी साबुदाण्याच्या कणाएवढी, आणि खाली दुकानभर चिंध्या, दोरे, अस्तराचे तुकडे. दोघी गुडघ्यांवर आल्या. उभी राहून कंटाळलेली गिऱ्हाईक बाईही झगा सावरत खाली बसली, काय शोधायचं ते न विचारता. पाव तास तिघी जमीन विंचरत होत्या. अळी निळ्या अस्तराच्या एका तुकड्यावर होती, काठाला.

"मला सापडली," अक्का म्हणाली.

धाकटी म्हणाली, बरं. अक्काने ते आणखी एकदा सांगितलं. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्यालाही सांगितलं.